पुठ्ठा घेऊन तापकीर गल्लीत

पुण्याला तुम्ही दवाखान्यासाठी गेला असाल, कोर्टाच्या तारखेला गेला असाल, लग्नाच्या बस्त्यासाठी तर नक्कीच गेला असाल. पण पिशवीत पुठ्ठ्याचा एक तुकडा घालून, सासऱ्यांना बरोबर घेऊन, त्या तुकड्याच्या मापाचा मोबाईल शोधायला काही गेला नसाल. मी २०२५ सालच्या फेब्रुवारीत गेले होते. त्या दिवसाची ही हकिगत. तुमच्याही घरात एखादे आबा किंवा एखादी आजी असेल, आणि त्यांचाही फोन देवळीतच पडून राहत असेल, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमचे गाव नारायणगावच्या पलीकडे, कुकडीच्या अंगाला. या पट्ट्याचे आणि टेलिफोनचे नाते जुने आहे बरे का! जवळच आर्वीला १९७१ साली विक्रम भूकेंद्र उभे राहिले. भली मोठी तबकडी आकाशातल्या उपग्रहाकडे तोंड करून बसलेली, आणि देशातून परदेशी जाणारे फोन तिच्यातून जायचे. आमचे आबा तेव्हा विशीतले होते. मित्राच्या सायकलवर बसून जाऊन कुंपणाबाहेरून ती तबकडी पाहून आले होते. पुढे खोडदला महाकाय दुर्बीण झाली, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची. तिथे पाहायला गेलात तर मोबाईल बंद ठेवायला सांगतात, कारण आपल्या मोबाईलच्या गलक्यात दूरच्या ताऱ्यांकडून येणाऱ्या बारीक लहरी सापडत नाहीत.

शिवारात एवढे सगळे झाले, पण आमच्या घरात मोबाईल आला तो २००५ साली. नोकिया ११००, डोक्याला बॅटरी असलेला. लांबी १०६ मिलिमीटर, रुंदी ४६, वजन ८६ ग्रॅम. आबांच्या कोपरीच्या खिशात तो असा बसायचा की आंघोळीच्या वेळी काढायचे भान राहायचे नाही. तो मेला, मग दुसरे बटणाचे फोन झाले, आणि शेवटी नातवाने आपला जुना मोठा फोन आजोबांना दिला. तिथून दुखणे सुरू झाले.

आमच्या फिडरला एक आठवडा दिवसा थ्री-फेज असते, एक आठवडा रात्री. २०२४ च्या डिसेंबरात रात्रपाळी होती आणि आबा कांद्याला दारे धरायला गेले. वय पंचाहत्तर, पण कांद्याचे पाणी दुसऱ्या कुणाला धरू देतील तर शपथ! दीडच्या सुमाराला ओल्या बांधावरून पाय घसरला, घोटा मुरगळला आणि ते पाटातच बसले. उठता येईना. शेजारी उसाचा फड. आमच्या जुन्नर तालुक्यात उसात बिबट्याची मादी पिले घालते हे तुम्ही पेपरात वाचता, आम्ही त्याच्या शेजारी झोपतो. आबांनी हाका मारल्या, पण मोटारीच्या आवाजात कोण ऐकणार? चार वाजता लाईट गेली, मोटार थांबली, तेव्हा कुठे आमच्या ह्यांच्या कानावर हाक आली. अडीच तास त्या थंडीत ते पाण्यात बसून होते. आणि फोन? घरात देवळीत, चार्जिंग पूर्ण भरलेला.

घोट्याला लेप लावता लावता मी रागावले. आबा म्हणाले, "सूनबाई, ती परात कुठं घेऊन हिंडू? वाकलं की खिशातनं भाईर येती. एकदा पाटात पडली तवा तुम्हीच सगळी बोलली मला."

हे खरे होते. मग मी बोलायचे सोडले आणि टेप घेतली.

मी घरी शिवणकाम करते. कोपरीही मीच शिवलेली. तिचा आतला खिसा भरला साडेआठ सेंटिमीटर रुंद आणि चौदा खोल. नातवाचा फोन मोजला: १६८ मिलिमीटर लांब, ७८ रुंद, आणि जाड कव्हरासकट वजन पावशेराच्या घरात. कसा राहणार? तीन सेंटिमीटर खिशाबाहेर, आणि वजन सगळे वर. माणूस दारे मोडायला वाकला की फोन डोक्यावर पडणार. खिसा मोठा करता आला असता, नाही असे नाही. करून पाहिलाही. पण मग तो फोन छातीवर आडवा लोंबायचा, आणि आबा चार दिवसांत पुन्हा तो देवळीत ठेवू लागले.

म्हणून औषधाच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घेतला आणि वेगवेगळ्या मापांचे तीन तुकडे कापले. आबांना म्हटले, हातात धरा आणि अंगठा पलीकडच्या वरच्या कोपऱ्याला लावून दाखवा. मग खिशात घाला आणि दारे धरता तसे वाका. सगळ्यात लहान तुकडा तर मस्तच बसला. मधला १४७ लांब आणि ७१ रुंद होता. तोही पडला नाही, अर्धा-पाऊण सेंटिमीटर वर राहिला, तेवढ्याला मी बटणाचे झाकण लावून देणार होते. तिसरा नापास झाला. मधला तुकडा पिशवीत टाकला. फोन घेण्याआधी हे घरी जरूर करा, याला एक पैसा लागत नाही, आणि दुकानात गेल्यावर आपण काय शोधत आहोत ते डोक्यात पक्के राहते.

तुम्ही म्हणाल, बटणाचा फोन का नाही घेतला? रास्त आहे. नुसते बोलायचे असेल तर दीड-दोन हजारांचा बटणाचा फोन उत्तम, त्यावर उगाच खर्च करू नये. पण आबांना टोमॅटोचे बाजारभाव पाहायचे असतात. ई-पीक पाहणीला शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढावा लागतो, तो तेच काढतात, कारण कुठल्या गटात काय आहे ते त्यांनाच तोंडपाठ. आणि माझे म्हणाल तर मला रात्री दोन वाजता उठून ते कुठल्या वाफ्यावर आहेत हे पाहता यायला हवे होते. त्या डिसेंबरापासून माझी झोपच गेली होती.

नारायणगाव स्टँडवरून सकाळची गाडी धरलीत तर पुणे पाऊणशे किलोमीटर. आबांना पंचाहत्तर पूर्ण झालेली, म्हणजे एसटी फुकट, आणि २०२३ पासून आम्हा बायकांना अर्धे तिकीट. दोघांच्या प्रवासाला मिळून अर्धे तिकीट पडले, याचा आबांना कोण आनंद! मंचर, खेड गेले, चाकणला गाड्यांची रांग लागली. पूर्वी एसटी शिवाजीनगरला सोडायची. मेट्रोच्या कामासाठी तो स्टँड २०१९ च्या अखेरीस हलवला, तेव्हापासून आपण वाकडेवाडीला उतरतो. तिथून रिक्षाने शिवाजीनगर मेट्रोला जा. बाजारपेठेत जायला हा रस्ता सोपा झाला आहे, २९ सप्टेंबर २०२४ ला जमिनीखालची गाडी स्वारगेटपर्यंत सुरू झाल्यापासून.

सरकत्या जिन्यावर आबांनी माझा दंड घट्ट धरला होता, पण गाडीत बसल्यावर खुलले. पुढचे सिव्हिल कोर्ट स्टेशन जमिनीखाली सुमारे ३३ मीटर आहे. आबांनी फुटांत हिशेब केला, म्हणाले, "आपल्या दोन हिरी एकीवर एक." त्यानंतर गाडी मुठेच्या पात्राखालून जाते. वर नदी आहे म्हटल्यावर त्यांनी छताकडे पाहिले आणि टोपी नीट केली.

मंडई स्टेशनातून वर आलात की समोर महात्मा फुले मंडई, तिचा तो उंच मनोरा. ही इमारत १८८६ ची, पहिले नाव रे मार्केट. जोतिबा फुले नगरपालिकेत सभासद होते, तेव्हा मंडईवर एवढा खर्च करू नये असे त्यांचे म्हणणे होते, आणि पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव मिळाले. आबांना मी हे सांगितले तर म्हणाले, "मग आज खर्चाचं कोण बघणार?" त्यांच्या मनात किमतीची धास्ती होती, ती अशी बाहेर आली.

मंडईतून दगडूशेठ गणपतीकडे चालत या, आणि कुणालाही तापकीर गल्ली विचारा. बुधवार पेठेतली ही गल्ली मूळची विजेच्या सामानाची. वायरीची भेंडोळी, पंखे, माळा, बल्ब, स्विच, दुकानाबाहेर टांगलेले आणि फुटपाथवर मांडलेले. आता त्यातच मोबाईलची काच, कव्हर, चार्जर, बॅटरी बदलून देणारे, आणि आजूबाजूला नवे-जुने फोन विकणारे. गल्ली एवढी अरुंद की समोरून हातगाडी आली तर आपण दुकानात चढायचे, आणि चढलो की दुकानदार म्हणणार, "या काकू, काय दाखवू?"

पहिल्या दुकानात मी पुठ्ठा काऊंटरवर ठेवला. पोरगा हसला. म्हणाला, "काकू, आजोबांना मोठा स्क्रीन बरा. अक्षरं मोठी दिसतात." पंधरा हजारांच्या आतले सात-आठ फोन मांडले. मी एकेकावर पुठ्ठा ठेवत गेले. एकही त्याखाली झाकला गेला नाही. सगळ्यांच्या कडा चारी बाजूंनी बाहेर.

इथे एक गोष्ट सांगते, ती मलाही दोन महिने चौकशी करताना समजली. फोनचा आकार इंचात सांगतात तो पडद्याचा, आणि तोही तिरपा, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. तो ऐकून काही कळत नाही. जुन्या आयफोन ८ प्लसचा पडदा साडेपाच इंच, पण फोन ७८ मिलिमीटर रुंद. २०२३ च्या सॅमसंग एस २३ चा पडदा ६.१ इंच, आणि फोन ७१ मिलिमीटरसुद्धा भरत नाही. कारण पूर्वी पडद्याभोवती रुंद काठ असायचा, आता तो गेला. म्हणून इंच विचारू नका, रुंदी मिलिमीटरमध्ये आणि वजन ग्रॅममध्ये विचारा. खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीत ते लिहिलेले असते. माझ्या मते रुंदी ७२ च्या आत आणि वजन पावणेदोनशे ग्रॅमच्या आत असेल तर म्हाताऱ्या माणसाच्या एका हातात फोन राहतो.

पण अडचण पुढेच आहे. स्वस्तातला फोन लहान मिळत नाही. लोकांना त्याच पैशात मोठा पडदा आणि मोठी बॅटरी हवी असते, आणि लहान अंगात सगळे बसवायचे तर भाग महागाचे लागतात. ॲपलने मिनी म्हणून खरोखर लहान फोन काढले होते, २०२० आणि २०२१ साली. १३ मिनी तर फक्त ६४ मिलिमीटर रुंद आणि १४० ग्रॅमचा. दोन वर्षे काढले आणि थांबवले. आता लहान अंगाचे जे नवे फोन मिळतात ते बहुतेक उंची किमतीचे. आमची तयारी पंधरा हजारांची होती, फार तर वीस. म्हणून जुन्याकडे वळावे लागले.

जुना फोन घेताना डोळे उघडे ठेवा. दुसऱ्या दुकानात आम्हाला हवा तो फोन अगदी स्वस्त मिळत होता. मी आकड्यांच्या पाटीवर *#०६# दाबले. फोनचा पंधरा आकडी क्रमांक पडद्यावर येतो, प्रत्येक फोनचा वेगळा. तो खोक्यावरच्या क्रमांकाशी जुळेना. दुकानदार म्हणाला, "खोकं बदललं असेल." असेलही. पण तुम्हीही अशा वेळी उठून या. क्रमांक जुळला तरी KYM ही अक्षरे, मग थोडी जागा सोडून तो क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठवा. हा फोन चोरीचा म्हणून बंद केलेला आहे का, ते सरकारी नोंदीतून कळते. चोरीचा फोन गळ्यात पडला तर पैसेही जातात आणि पोलीसही दारात येतात.

दोन्ही दुकानांत मिळून दीड तास गेला होता. आबांना पासोड्या विठोबाचे दर्शन घ्यायचे होते, म्हणून वाट वाकडी केली. पूर्वी या देवळाच्या आसपास पासोड्या विकायला बसत, म्हणून विठोबा पासोड्या झाला. पेठेतल्या देवांची नावे अशीच, बाजारावरून पडलेली. आबांनी हात जोडले आणि बाहेर येऊन म्हणाले, "आता एकच दुकान. नाही मिळाला तर घरी जाऊ."

तिसरे दुकान लहान होते, माणूस पन्नाशीचा. त्याने पुठ्ठा हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि विचारले, "खिशाचा का?" मला तिथेच बरे वाटले. त्याने एस २३ काढला, दीड वर्ष वापरलेला. पुठ्ठ्याखाली पूर्ण झाकला गेला! क्रमांक जुळला, संदेशाचे उत्तर नीट आले. वजन १६८ ग्रॅम. मी आबांना तो घेऊन बाहेर उन्हात पाठवले, कारण शेतात दुपारी पडदा दिसला नाही तर काय उपयोग? दिसला. घरी ह्यांना फोन लावला, आवाज खणखणीत. पाण्याचेही विचारले. हा फोन पाण्यात पडला तरी टिकावा अशा बनावटीचा आहे, पण जुना आणि एकदा उघडलेला असेल तर त्यावर विसंबू नका, असे तो स्वतःच म्हणाला.

बोटाचा ठसा मात्र काही केल्या घेईना. आबांनी अंगठा टेकवला, पुसून टेकवला, दुसऱ्या हाताचा टेकवला. टोमॅटो तोडून काळी पडलेली आणि खुरप्याने झिजलेली बोटे ती, त्यांच्यावर रेघ कुठे उरली आहे? सरकारी कामातही त्यांचा अंगठा असाच अडतो. शेवटी चार आकड्यांची खूण ठेवली. आकडे त्यांनी स्वतः निवडले, आणि आपल्या जमिनीशी त्यांचा काय संबंध आहे ते मी इथे सांगणार नाही!

किंमत २८,००० रुपये, पक्के बिल आणि सहा महिन्यांची हमी. आबा उठलेच. "एवढ्यात दोन शेळ्या येतील. चल." मी बसूनच राहिले. दुधाचे आणि शिवणाचे मिळून माझे नऊ हजार साठले होते, ते मी घरी कुणाला सांगितले नव्हते. ते पिशवीतून काढून काऊंटरवर ठेवले, घरून दिलेल्या वीस हजारांच्या शेजारी. आबा माझ्याकडे पाहत राहिले. मग खाली बसले आणि दुकानदाराला म्हणाले, "पाचशे कमी कर, आन् कव्हर फुकट दे." त्याने दिले. कव्हर पातळच घ्या, जाड कव्हराने सगळे माप वाया जाते. आमच्या कव्हराला दोरीचे भोक आहे.

लहान फोनचे तोटेही सांगायला हवेत. बॅटरी लहान असते, ३,९०० ची, मोठ्या फोनांत ५,००० ची असते. आबांना रोज रात्री जेवणाआधी लावावाच लागतो. अक्षर मोठे केले की एका ओळीत तीन-चारच शब्द मावतात. आबांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले, त्यांना नावे वाचण्यापेक्षा चेहरे बरे, म्हणून पहिल्याच पानावर आम्हा पाचजणांचे फोटो ठेवले आहेत, फोटोवर बोट ठेवले की फोन लागतो. ज्यांना फोनवर कीर्तने पाहायची, बातम्या वाचायच्या, त्यांनी लहान फोनच्या नादी लागू नये. घरात बसून पाहणाऱ्याला मोठाच बरा. आमच्या सासूबाईंनी तो मोठा फोन आता आपल्याकडे घेतला आहे आणि त्या खूश आहेत.

घरी आल्यावर नातीने दोन गोष्टी करून दिल्या. बाजूचे बटण पाच वेळा दाबले की ११२ ला फोन जातो, ते चालू केले, आणि चुकून दाबले गेले तर थांबवता यावे म्हणून आधी उलटी मोजणी लावली. दुसरे म्हणजे नकाशात आबा कुठे आहेत ते माझ्या फोनवर कायमचे दिसेल असे केले. आधी आबांना विचारून केले. ते म्हणाले, "बघ की. मी काय तमाशाला जातोय?"

मार्चात पुन्हा रात्रपाळी आली. कांद्याची शेवटची पाणी होती. रात्री अकराला आबा निघाले तेव्हा मी झाकणाचे बटण लावलेले आहे का ते हाताने चाचपून पाहिले. एक वाजता उठून बघितले, नकाशावरचा ठिपका वरच्या वाफ्यावर. पावणेतीनला बघणार, तोच फोन वाजला. उशाशी आबांचा फोटो उजळलेला. छातीत धस्स झाले.

"सूनबाई," आबा म्हणाले, "मोटार पाणी कमी टाकतीया. त्याला उठव, हिरीवर जाऊन बघ म्हणावं. आन् येताना माझी तंबाखूची पिशवी दे. ती देवळीत ऱ्हायली."